जुन्या रॅलेच्या सीटमागची बॅग: मापं, शिलाई आणि पावसातली चाचणी

सायकल: इंग्लिश बनावटीची रॅले रोडस्टर, २२ इंची फ्रेम, २८ × १½ चाकं, रॉड ब्रेक, मागे स्टर्मी-आर्चर एडब्ल्यू तीन गिअरचा हब (चाकाचा मधला भाग, गिअर त्यातच असतात). हबवर सालाचे दोन आकडे ठोकलेले असतात, इथे ५४ आहे. पण चाक बदललेलं असू शकतं, त्यामुळे तेवढ्यावरून फ्रेमचं साल ठरवू नये. सीट ब्रूक्स बी ६६, मागे दोन स्प्रिंग, मागच्या लोखंडी पट्टीला बॅगसाठी दोन कड्या. मागे देशी कॅरिअर, चिमट्याचा.

बॅगेत बसायला हवं ते: २८ इंची ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, डंबेल पाना, छोटा स्क्रू पाना, पंक्चरचं सामान, व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा, पातळ रेनकोट, एक फडकं. पंप फ्रेमवरच लागतो. सगळ्याचं वजन २ किलो १०० ग्रॅम भरलं.

४ मे. मापं

बॅगांची चित्रं बघायच्या आधी टेप घ्यायचा. जुन्या सायकलीला कुठली बॅग लागेल हे तिचं साल किंवा तिची कंपनी ठरवत नाही. सीटच्या कडीपासून खाली किती जागा मोकळी आहे, ते माप ठरवतं. रोडस्टरमध्ये हे माप कमी येतं, कारण चाक मोठं, फ्रेम उंच आणि सीट पोस्ट जेमतेम चार बोटं बाहेर.

या सायकलीवर:
कडीच्या खालच्या कडेपासून कॅरिअरच्या पट्टीपर्यंत २०५ मिमी.
कॅरिअर काढला तर मडगार्डपर्यंत २५० मिमी.
दोन कड्यांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, ९२ मिमी.
कडीची फट २६ मिमी रुंद, म्हणजे २० मिमीचा पट्टा आरामात जातो.
सीट पोस्टचा दिसणारा भाग ५५ मिमी.

कड्या हाताने जोरात ओढून बघितल्या. हलत नाहीत. रिव्हेट सैल असेल किंवा सीटचं कातडं मागच्या कडेला फाटायला लागलं असेल, तर आधी सीटचं काम करावं. बॅगेचं ओझं शेवटी त्याच कडेवर येतं.

५ मे. स्प्रिंग किती दबते

२०५ मिमी हे रिकाम्या सीटचं माप. माणूस बसला की मागची स्प्रिंग दबते, खड्ड्यात आणखी दबते. हा आकडा अंदाजाने धरला की बॅगेचा तळ कॅरिअरवर घासून महिनाभरात भोक पडतं.

मोजायची पद्धत: कॅरिअरवर, कडीच्या बरोबर खाली, शाडूचा मुठीएवढा गोळा थापून बसवला. १० मिमी जाडीची सरळ काठी सीटच्या मागच्या पट्टीला सुतळीने घट्ट बांधली, अशी की खालचं टोक गोळ्याला जेमतेम टेकेल. मग ७२ किलोचा माणूस सावकाश बसून उतरला. शाडूत १८ मिमी खोल भोक पडलं. गोळा परत सारखा करून गल्लीतला गतिरोधक आणि पुढचा उखडलेला डांबरी पट्टा पार केला. आता भोक ३३ मिमी खोल आणि तोंडाशी लांबट झालेलं, म्हणजे काठी मागे-पुढेही सरकली होती. मळलेली कणीक चालेल का? चालते, पण उन्हात वाळून आकसते आणि माप चुकतं. शाडू बरा.

३३ मिमी दाब आणि वर १२ मिमी मोकळीक, असे ४५ मिमी सोडायचे. २०५ मधून ४५ गेले, राहिले १६०. कडी आणि बॅगेचा माथा यांच्यात पट्टा फिरायला १५ मिमी. बॅगेची उंची जास्तीत जास्त १४५ मिमी.

वजनदार माणसाने किंवा जुन्या, मऊ पडलेल्या स्प्रिंगवर ही चाचणी स्वतः करावी. वरचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

११ मे. पर्याय

इंग्लिश पद्धतीची आडवी कॅनव्हास बॅग. या प्रकारात कॅरडाइस हे नाव पहिलं. लँकशायरमधल्या नेल्सन गावात १९३२ पासून हे काम चालू आहे, आणि शिवणाऱ्याचं नाव बॅगेच्या लेबलवर हाताने लिहिलेलं असतं. जाड सुती डक कापड, आत वरच्या कडेला लाकडी दांडी, कातडी पट्टे. बनावटीबद्दल काहीच तक्रार नाही. पण त्यांच्या ‘नेल्सन’ नावाच्याच बॅगेची उंची २२-२३ सेंमीच्या आसपास, आणि इथे १४५ मिमी. कॅरिअर काढून टाकला तरी हिशेब १९० वर अडतो. कमी उंचीच्या सीटसाठी त्यांची लोसॅडल नावाची वेगळी बॅग आहे, तीही १४५ मध्ये मावत नाही. शिवाय टपाल आणि कस्टम धरून खर्च पंधरा हजारांच्या पुढे जातो. उंच सीट पोस्टच्या जुन्या टूरिंग सायकलीला मात्र हीच घ्यावी.

हल्लीची सीटखालची छोटी बॅग, वेल्क्रो किंवा खटक्याची. हिचा खटका ७ मिमीच्या दोन तारांवर बसायला बनवलेला असतो. बी ६६ ला खाली दुहेरी तारा, म्हणजे चार, आणि त्या जुन्या पद्धतीच्या क्लिपने २२.२ मिमीच्या सरळ पोस्टवर आवळलेल्या. खटका बसतच नाही. बी ६७ ही तीच सीट नव्या क्लॅम्पसाठी दोन तारांची, तिथे निदान तारेचा प्रश्न येत नाही. पण मागच्या स्प्रिंगा बॅगेच्या अंगाला घासणारच. वेल्क्रोत धूळ अडकली की तो पोस्टच्या निकेलवर पॉलिश पेपरचं काम करतो. हा पर्याय बाद.

जुनी कडक कातडी टूल बॅग, अर्धगोल, दोन पट्ट्यांची. या सायकलीला मुळात हीच शोभते. दिसायला तोड नाही, उंचीत सहज बसते. पण आत पाने आणि पंक्चरचं सामान गेलं की भरली. २८ इंची ट्यूब घडी घालून १६ × ९ × ५ सेंमी होते, ती शिरत नाही. सायकल प्रदर्शनात उभी करायची असेल तर जुनी टूल बॅग शोधावी. घेताना पट्टा वाकवून बघा, आतल्या बाजूने भुकटी पडली तर कातडं मेलेलं आहे. त्याला तेल लावून जीव येत नाही.

कॅरिअरवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्या. सोय उत्तम, पण मग ती सीटमागची बॅग राहत नाही आणि डबलसीट बसणाऱ्याचे पाय कुठे जाणार?

निर्णय: आडव्या बॅगेचीच रचना, दांडीसकट, पण उंची १४५, रुंदी २८०, खोली १३० मिमी. साधारण सव्वापाच लिटर. शिवून घ्यायची.

१८ मे. पुठ्ठ्याचा नमुना

कापड आणायच्या आधी याच मापाचं पुठ्ठ्याचं खोकं करून नायलॉनच्या पट्टीने कड्यांना टांगलं, आत २ किलो वाळू. ही पायरी वगळू नका. दोन गोष्टी इथेच कळल्या.

पहिली, कॅरिअरचा चिमटा. त्याची बिजागरी सीटकडच्या टोकाला आहे, त्यामुळे चिमटा पूर्ण उघडला की तो वर उठून खोक्याच्या मागच्या अंगावर आपटतो. खोली १३० वरून ११५ केली, तेव्हा बोटभर अंतर सुटलं. आकारमान ४.७ लिटरवर आलं, सामान तरीही बसतं.

दुसरी, मांड्या. २८० रुंदीने मांडी घासेल अशी भीती होती. रोडस्टरची सीट ट्यूब बरीच मागे झुकलेली असते, म्हणून बॅग मांड्यांच्या पुष्कळ मागे पडते. टांग टाकून बसतानाही पाय अडत नाही, कारण बॅगेचा माथा सीटच्या खालीच राहतो. डबलसीट बसणाऱ्याच्या पोटात मात्र बक्कल टोचतं. ज्यांच्या सायकलीवर रोज कोणी मागे बसतं, त्यांनी झाकणाची बक्कलं बाजूला घ्यावीत किंवा जुन्या टूल बॅगेवर समाधान मानावं.

२४ मे. सामान

कॅनव्हास आणि बक्कलं पुण्यात बोहरी आळीत मिळाली.

कॅनव्हास: १६ औंस, सुती, मेंदी रंग, एक मीटर. पॉलिस्टर मिसळलेला घेऊ नका. सुती धागा भिजला की फुगतो आणि विणीतली भोकं आवळली जातात. मिश्र कापडात ते घडत नाही, आणि मेणही वरच्यावर राहतं. ओळखायला एक धागा काढून काडीने जाळायचा. सुती धाग्याची राख होते, मिश्र धाग्याच्या टोकाला कडक मणी धरतो.

बक्कलं: २० मिमी, पितळी, पाच. खिशात लोहचुंबक ठेवावं. पितळी म्हणून दाखवलेल्या ढिगातली बरीच चुंबकाला चिकटली, म्हणजे लोखंडावर मुलामा. असलं बक्कल पहिल्या पावसात गंजतं आणि कॅनव्हासवर तांबडा डाग सोडतं, तो निघत नाही.

कातडं: कोल्हापुरी चपलेला वापरतात ते बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं म्हशीचं कातडं, ३ मिमी जाड. क्रोम कमावणीचं कातडं मऊ असतं, पण टांगलेल्या वजनाखाली ताणत राहतं आणि कडा घासून पक्क्या करता येत नाहीत.

रिव्हेट: तांब्याचे, वायसरसकट. पोकळ रिव्हेट स्वस्त पडतात, पण धक्क्याने त्यांचं फुललेलं तोंड उलगडतं.

दांडी: घरातली १२ मिमीची बांबूची काठी लावून बघितली. २ किलोला मधे बाक आला. सुताराकडून १९ मिमी सागवानी गोल दांडी २७० मिमी लांब करून घेतली, टोकं गोल घासलेली. टोकं चौकोनी राहिली तर बॅगेचे कोपरे आतून फाटतात.

१ जून. कापणी

कॅनव्हास आधी गरम पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून इस्त्री केला. मीटरमागे पाच सेंमी आटला. खळही निघून गेली. खळ राहिली तर मेण आत मुरत नाही.

मुख्य तुकडा एकच, बाहेरची बाजू, तळ, सीटकडची बाजू आणि झाकण असा सलग: १४५ + ११५ + १४५ + ११५ + झाकणाची पुढे येणारी ११० मिमी. बेरीज ६३०, दोन्ही टोकांना दुमडायला १५-१५, म्हणजे ६६० मिमी. रुंदी २८० आणि शिवणीला १२-१२, म्हणजे ३०४. बाजूचे दोन तुकडे १३९ × १७२. तळाला त्याच कापडाचा दुसरा थर. झाकणाच्या दोन्ही बाजूंना ४० मिमीचे कान, ते आत दुमडले की कडेने येणारं पाणी अडतं.

२ जून. शिलाई

घरगुती मशीनवर दोन थर निघाले, चौथ्या थराला सुई वाकली. ताडपत्री आणि बॅगा शिवणाऱ्याकडे जड मशीनवर काम दिलं. त्याला तीन गोष्टी आधीच सांगाव्या लागतात, नाहीतर तो रोजच्या सवयीने शिवतो.

धागा पॉलिस्टर, सुती नाही. सुती धागा ओलीत दोन-तीन पावसाळ्यांत कुजतो, कापड मात्र तसंच राहतं.

टाका ४ मिमी. बारीक टाका मजबूत वाटतो, पण जाड कापडात तो भोकांची रांग पाडतो आणि ताण आला की कापड त्याच रेषेवर सुटतं.

कोपऱ्यात सहा थरांच्या वर नको. तळाचा दुहेरी थर, बाजूचा तुकडा, पायपिंग आणि दुमड एकत्र आली तेव्हा आठ थर झाले आणि टाके सुटले. तळाचा दुसरा थर शिवणीच्या १५ मिमी आत थांबवून कोपरा परत शिवला. त्यात अर्धा दिवस गेला आणि शंभर रुपये जास्त. मुख्य तुकडा जिथे वळतो तिथे शिवणीच्या जागेत १० मिमी खोल काप दिले की वळण चुणी न पडता बसतं.

पट्टे जातात त्या सीटकडच्या बाजूच्या दोन फटी ९२ मिमी अंतरावर, कड्यांच्या बरोबर समोर. फटीभोवती आतून-बाहेरून कातड्याचं ठिगळ, चार कोपऱ्यांना रिव्हेट. पट्टा फटीतून आत जातो, दांडीला वळसा घालतो, बाहेर येतो, कडीतून जाऊन बक्कलात. ओझं दांडी उचलते, कापड नाही. या प्रकारच्या बॅगेचं सगळं मर्म त्या वळशात आहे.

८ जून. पट्टे ताणले

दोन पट्टे कापून ५ किलो वजनाला रात्रभर टांगले. एक ३ मिमी वाढला, दुसरा १४ मिमी. दुसरा तुकडा चामड्याच्या पोटाकडच्या कडेचा होता. तिथे वीण सैल असते, बोटाने दाबलं की सुरकुत्या पडतात. पट्टे नेहमी पाठीच्या भागातून, कण्याच्या दिशेने लांबीला कापायचे. कारागिराला हे सांगितलं तर तो तसा तुकडा काढून देतो, दर थोडा जास्त लावतो, तो द्यावा.

नवे पट्टे पाण्यात दहा मिनिटं भिजवून ५ किलोला टांगून सावलीत वाळवले. त्यानंतर वाढ जाणवण्याइतकी राहिली नाही. भोकं गोल पंचानेच पाडायची. आरीने टोचलेलं भोक हळूहळू चिरत जातं. दोन भोकांत १५ मिमी अंतर.

१५ जून. पहिली फेरी, गिअर निसटला

बॅग टांगली, सामान भरलं. उभी असताना छान दिसली, चालवताना डावी-उजवीकडे झुलायला लागली. दोन पट्ट्यांवर हे होणारच. बॅगेच्या सीटकडच्या अंगातून तिसरा पट्टा सीट पोस्टला बांधला, झुलणं थांबलं.

पण लगेच तिसऱ्या गिअरमध्ये पेडल मोकळं फिरायला लागलं. हब उघडायचं काही कारण नव्हतं. या सायकलीत गिअरची केबल वरच्या दांड्यावरून येते आणि सीटखालच्या छोट्या पुलीवरून हबकडे उतरते. तिसऱ्या पट्ट्याचं सुटं टोक केबलवर दाबलं जात होतं. एडब्ल्यू हबमध्ये तिसऱ्या गिअरला केबल ढिली असावी लागते. ती थोडी जरी ओढली गेली, तरी हब दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या मोकळ्या जागेत येतो आणि पेडल निसटतं. उभं राहून जोर लावताना असं झालं तर माणूस दांड्यावर आपटतो. पट्टा ३५ मिमी आखूड केला, टोक मागे वळवून कातडी पट्टीत अडकवलं, बक्कल उजवीकडे घेतलं. तीन गिअरच्या जुन्या सायकलीला बॅग लावली की निघण्याआधी तिसऱ्या गिअरमध्ये केबलला बोट लावून ढिलाई बघावी.

पोस्टवर पट्टा बसतो तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, निकेल वाचतं.

२२ जून. मेण

पहिलं मिश्रण: पॅराफिन तीन भाग, मधमाशीचं मेण एक भाग. स्वस्त पडतं, पण दुमडीवर पांढऱ्या भेगा दिसल्या. इस्त्रीखाली जुनी वर्तमानपत्रं ठेवून जितकं निघेल तितकं काढलं आणि दोन्ही समान घेऊन, १००-१०० ग्रॅम, परत लावलं. पातेल्यात पाणी, त्यात मेणाचा डबा. डबा थेट आचेवर ठेवू नये, मेणाची वाफ पेट घेते. कापड उन्हात तापवून ब्रशने पातळ थर द्यायचा, मग केस वाळवायच्या ड्रायरने मुरवायचा. कापडाचा रंग गडद होऊन वर चकाकी उरली नाही की पुरे.

जवसाचं तेल मिसळायचा सल्ला बरेच जण देतात. कापड मऊ राहतं हे खरं. पण तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापून पेटू शकतात. वापरायचंच असेल तर फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत. इथे वापरलं नाही.

शिवणीवर आतल्या बाजूने मेणाची वडी नुसती घासली.

१३ जुलै. पाऊस

सिंहगड रस्त्यावर दोन तास सततचा पाऊस. झाकण आणि अंग कोरडं. आत आलं ते पाणी पट्ट्यावरून ओघळत फटीतून आलं, साधारण दोन चमचे. कडीपासून फटीपर्यंत पट्टा सरळ उतारावर आहे, म्हणून. फटीवर झाकणासारखी ३० मिमीची कातडी जीभ रिव्हेट केली, पाणी आता तिच्यावरून बाहेर गळतं. पाने तरीही मेणकापडात गुंडाळलेले बरे.

सीटवर प्लास्टिकची टोपी हवीच. ब्रूक्सचं कातडं भिजल्यावर त्यावर बसलं तर ते कायमचं खोलगट होतं, मग मागची कड खाली येते आणि बॅगेची ४५ मिमीची मोकळीकही जाते.

१० ऑगस्ट. बुरशी आणि खर्च

दमट खोलीत ठेवलेल्या बॅगेच्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला पांढरी बुरशी. ओल्या फडक्याने पुसून, वाऱ्यावर वाळवून, मेण चोळलं. तेल अगदी थेंबभर. तेलाने ओथंबलेला पट्टा परत ताणायला लागतो. बॅग रिकामी करून झाकण उघडं टांगून ठेवायची सवय लावावी.

खर्च: कॅनव्हास २८०, कातडं ४५०, बक्कलं २२५, रिव्हेट ८०, दांडी ६०, शिलाई ७००, मेण १९०. एकूण १९८५ रुपये. यातले दीडशे तरी पोटाकडच्या पट्ट्यात आणि पहिल्या मिश्रणात गेले.

तळ तपासला, घासल्याची खूण नाही. पट्ट्यांची बक्कलं पहिल्या महिन्यात एक भोक पुढे न्यावी लागली, नंतर नाही. २६ इंची चाकाच्या स्पोर्ट्स सायकलीला हेच करायचं असेल तर चाक लहान असल्याने खाली जास्त जागा मिळते. तिथे उंची १८० पर्यंत नेता येईल, पण शाडूचा गोळा लावून मगच. कड्यांचं अंतर सीटनुसार बदलतं, म्हणून फटी सगळ्यात शेवटी, बॅग सीटखाली धरून, खडूने खूण करून कापाव्यात.